मोटारींचे जादा दिवे : उपयोग आणि उपद्रव

नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता साकोली व देवरी यांच्या दरम्यान वनप्रदेशातून जातो. अशा रस्त्यावर रात्री वाहन हाकणाऱ्यास नेहमीचे दिवे अपुरे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पुष्कळ वाहनांवर अधिक प्रखर दिवे बसविलेले आढळतात. तेच वाहन राजनांदगाव व दुर्ग मागे टाकून रायपुरातील पंडरीच्या गजबजलेल्या कापडबाजारापाशी पोचते, तेव्हा तेच दिवे इतरांस धोक्याचे ठरतात. दिवा एकच असता हा फरक का पडावा?

प्रथम उपयोगाचा विचार केला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात. पुढे वाहन थांबण्यास कोरड्या रस्त्यावरही साधारणपणे ५० मीटर लागतात. म्हणजे अडथळा ८० मीटरांहून अधिक अंतरावरून दिसावयास हवा. खाली वळविलेल्या झोतात काळसर कपड्यांतील पादचारी किंवा दिवा नसलेली बैलगाडी इतक्या लांबून बहुधा दिसत नाही. निर्मनुष्य रस्त्यावर जादा दिव्याचे समर्थन होते ते एवढ्यासाठीच. मात्र प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दुप्पट अंतरावरील वस्तू तितकीच उजळण्यास चौपट तेज लागते.

या वाढीव तेजाची किंमत समोरून येणाऱ्यास मोजावी लागते. डोळ्यातील भिंग सर्वस्वी निर्मळ नसते. प्रखर झोत त्यात विखुरतो व दृष्टिपटलावर तेजाचा जणू पडदा पसरतो. मंद उजेडातील वस्तू त्या पडद्याआड लुप्त होतात. उतारवयात भिंग गढूळ होत जाते, म्हणून वृद्धांस हा त्रास अधिक होतो. झोत निघून गेल्यावरही डोळा तत्काळ पूर्ववत होत नाही. दृष्टी सावरण्यास तीनच सेकंद लागले असे धरले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात ५० मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो. दोन वाहनांच्या मध्ये सापडलेला सायकलस्वार नेमका याच वेळी दिसेनासा होतो.

धुक्यात तर प्रखर दूरझोत स्वतःच्या चालकासही उपयोगी पडत नाही. जलकण प्रकाश परतवितात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेथे खाली बसविलेला, रुंद व जमिनीलगत पसरणारा झोत बरा. पिवळ्या प्रकाशाने धुके भेदले जाते ही समजूत मात्र फारशी खरी नाही. धुक्याचे कण प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात.

भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार पुढील दिव्याचा झोत कोणाचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळलेला असावा लागतो. शोधदिव्यासारखे झोत पुढे बसविण्यास अपवादात्मक कारण व नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक आहे.

यावरून व्यवहाराचा नियम सहज निघतो. वनातील मोकळ्या रस्त्यावर दूरवर दिसणे हिताचे. परंतु समोर दुसरा डोळा आला की झोत खाली आणावा आणि जादा दिवा मालवावा. पंडरीसारख्या उजळलेल्या वस्तीत त्याची गरजच उरत नाही. तेथे वेग कमी करणे हाच अधिक सुरक्षित उपाय होय, कारण वेग निम्मा झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथाईवर येते.