‘हर्क्युलिस’ या नांवाचा अर्थ

हर्क्युलिसाच्या बारा पराक्रमांची गोष्ट तुम्हांस ठाऊक असेल. त्याच्या नांवाचा अर्थ मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ‘हर्क्युलिस’ हा रोमन लोकांचा उच्चार. मूळ ग्रीक नांव ‘हेराक्लेस’. ‘हेरा’ म्हणजे देवराज झ्यूसची राणी, आणि ‘क्लेओस’ म्हणजे कीर्ति. तेव्हां अर्थ झाला ‘हेरेची कीर्ति’, किंवा हेरेमुळें कीर्ति पावलेला.

येथें चाणाक्ष वाचक अडेल. झ्यूसला दुसऱ्या स्त्रीपासून झालेला हा पुत्र. हेरेनें त्याचा जन्मापासून द्वेष केला, पाळण्यांत दोन सर्प सोडले. मग वैरिणीचें नांव त्यास कां? अपोलोडोरसाच्या नांवावर चालणाऱ्या कथासंग्रहांत असें आहे कीं, त्याचें पूर्वींचें नांव आल्कायडीस. हेरेनें लाविलेल्या वेडाच्या भरांत त्यानें स्वतःचीं मुलें मारिलीं, आणि प्रायश्चित्त विचारावयास तो डेल्फी येथें गेला. तेथील देववाणीनें त्यास प्रथम ‘हेराक्लेस’ म्हणून हांक मारिली व युरिस्थियस राजाची सेवा सांगितली. त्या सेवेंतच ते पराक्रम घडले. छळ नसता तर कीर्तिही नसती, असा याचा उलगडा करितात. मला तो मागाहून बसविलेला वाटतो. पण बसला आहे बरा!

‘क्लेओस’ हा शब्दही अगदींच परका नाहीं. त्याचा मूळ अर्थ ‘कानीं येणारी गोष्ट’. संस्कृतांत ‘श्रु’ म्हणजे ऐकणें. त्यापासून ‘श्रवस्’, कीर्ति. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. ग्रीक ‘क’च्या जागीं संस्कृतांत पुष्कळदां ‘श’ येतो : ‘देका’ तें ‘दश’, ‘हेकातोन’ तें ‘शत’. तसाच येथें ‘ल’चा ‘र’ झाला. महाभारतांतील भूरिश्रवा, म्हणजे विपुल कीर्तीचा, हा हेराक्लेसाच्या नांवाचा भाऊबंदच होय. ‘पॅट्रोक्लस’ म्हणजे पित्याची कीर्ति; तेच अवयव उलट मांडिले कीं ‘क्लिओपात्रा’!

आपणही मुलाचें नांव यशवंत ठेवितों तें याच आशेनें. खालापुराकडून बोरघाट चढून लोणावळ्यापुढें गेलें कीं कार्ल्याचें चैत्यगृह लागतें. तेथील कित्येक खांब सुमारें 2000 वर्षांपूर्वीं धेनुकाकट येथील यवनांनीं दान दिले. ‘यवन’ हा शब्द आयोनियन ग्रीकांच्या नांवावरून आलेला. पण खांबांवर ब्राह्मी लिपींत कोरलेलीं दात्यांचीं नांवें इकडच्याच वळणाचीं आहेत. एक ‘सिहधय’, म्हणजे सिंहध्वज. दुसरा ‘यसवधन’, म्हणजे यशोवर्धन. सहलीस जाल तेव्हां खांब नुसते मोजूं नका. त्यांवरचीं तीं अक्षरें शोधून पाहा.