फडेप्पा चौगुले यांची मॅरेथॉन आणि चार मिनिटांचे गणित



पावसाळा सरला की गावोगावी रस्त्यावरच्या शर्यतींचे वेध लागतात. कुठे तीन किलोमीटर, कुठे पाच, कुठे दहा. आपल्या शाळेतली मुले-मुलीही छातीवर क्रमांक लावून या शर्यतींत उतरतात. घरी आल्यावर त्यांना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितवा नंबर आला?" या अंकात आम्ही अशाच एका नंबराचा अभ्यास तुमच्यापुढे ठेवत आहोत. तो नंबर आहे एकोणिसावा, आणि तो मिळवणारा मुलगा होता आपल्या बेळगावचा, वय सुमारे १८ वर्षे.

शर्यत कोणती, धावक कोण?

फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचा जन्म १९०२ सालचा. १९२० साली बेल्जियम देशातील अँटवर्प शहरात ऑलिंपिक सामने भरले. पहिल्या महायुद्धामुळे १९१६ चे सामने होऊ शकले नव्हते, त्यामुळे आठ वर्षांच्या खंडानंतर जग पुन्हा मैदानावर एकत्र येत होते. हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला जाण्याची ती पहिलीच वेळ. संघ अगदी छोटा, मोजके धावपटू आणि दोन मल्ल. मॅरेथॉनसाठी त्यात दोघे होते, चौगुले आणि सदाशिव दातार.

हा संघ गेला कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील क्रीडास्पर्धा पाहिल्या. शेतात राबणारी, साधे अन्न खाणारी मुले कठीण रस्त्यावर अनवाणी धावत होती. शर्यतीचे आधुनिक नियम त्यांना ठाऊक नव्हते, प्रशिक्षण तर नव्हतेच. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. पुढे १९२९ साली लिहिलेल्या एका पत्रात टाटांनी त्या दिवसांची एक गंमत सांगितली आहे. ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावायला किती वेळ लागत असेल, असे एका जाणत्या सभासदाला विचारले, तर ते म्हणाले, एक-दोन मिनिटे लागत असतील. तेथे सेकंदाच्या दशांशाचा हिशेब चालतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. पाय तयार होते, घड्याळाची ओळख मात्र अजून व्हायची होती. अशा परिस्थितीतून ही मुले बोटीने परदेशी गेली.

आकडे काय सांगतात?

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. १७ देशांचे ४८ धावक त्यात उतरले. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर ठरलेले आहे, पण अँटवर्पचा मार्ग ४२.७५० किलोमीटरचा, म्हणजे ५५५ मीटर जास्त होता. अंदाज यावा म्हणून सांगतो : बेळगावहून धावत खानापूरला जायचे, पाणी पिऊन मागे फिरायचे आणि परतीची अर्ध्याहून अधिक वाट पुन्हा धावायची.

पहिले आले फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन, २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत. एस्टोनियाचे युरी लोसमान त्यांच्या मागे फक्त १३ सेकंद होते. आपले चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. चौगुले यांच्या वेळेचे सेकंद करा : १०,२४५. त्याला ४२.७५ ने भागा. उत्तर येते सुमारे २४० सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी ४ मिनिटे. ताशी वेग १५ किलोमीटर. दर १०० मीटरला २४ सेकंद. आपल्या आठवी-नववीतील पुष्कळ मुले १०० मीटर २४ सेकंदांत सहज धावतील. चौगुले यांनी तसे १०० मीटर न थांबता ४२७ वेळा धावून दाखवले.

कोलेमाइनेन यांचा हिशेब केला तर दर किलोमीटरला ३ मिनिटे ३४ सेकंद येतात. दोघांत फरक किलोमीटरमागे सुमारे २६ सेकंदांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो साठत जातो. कोलेमाइनेन पोहोचले तेव्हा, सरासरी वेगाने पाहता, चौगुले यांना अजून साडेचार किलोमीटर धावायचे होते. या २६ सेकंदांमागे काय होते? कोलेमाइनेन तेव्हा ३० वर्षांचे होते आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन सुवर्णपदके मिळवली होती. लांब पल्ल्याचा दम वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढतो. चौगुले यांच्याजवळ ती वर्षे नव्हती. म्हणून आमच्या मते तो एकोणिसावा क्रमांक कमी लेखण्याजोगा नाही.

शरीर कसे धावते?

धावताना आपले शरीर मुख्यतः दोन इंधने वापरते. एक, स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जिला विज्ञानाच्या पुस्तकात ग्लायकोजेन म्हणतात. दुसरे, चरबी. चरबीचा साठा मोठा असतो, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. ग्लायकोजेनपासून ती लवकर मिळते, पण त्याचा साठा मर्यादित असतो. वेग वाढवला की ग्लायकोजेन अधिक भराभर खर्च होते. मॅरेथॉनमध्ये साधारण ३० किलोमीटरनंतर अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पाच किलोमीटरच्या शर्यतीत हा साठा संपत नाही. तेथे अडचण निराळी येते. आरंभीच फार जोरात धावले की स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, धाप लागते, पाय भरून येतात आणि पुढचा सगळा रस्ता त्याची भरपाई करण्यात जातो.

उदाहरणादाखल दोन मैत्रिणी घेऊ. दोघी पाच किलोमीटर धावतात. पहिली प्रत्येक किलोमीटरला ६ मिनिटे घेते, एकूण ३० मिनिटे. दुसरी शिट्टी वाजताच सुसाट सुटते. तिचे पाच किलोमीटर असे : ५ मिनिटे, साडेपाच, सव्वासहा, ७ आणि साडेसात. बेरीज ३१ मिनिटे १५ सेकंद. गंमत पाहा, चौथा किलोमीटर संपेपर्यंत दुसरीच १५ सेकंदांनी पुढे आहे! पहिली तिला गाठते ती शेवटच्या किलोमीटरमध्ये, आणि सव्वा मिनिट आधी पोहोचते. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याला बराच वेळ उलटेच वाटले असते.

मुलींसाठी आणखी एक हिशेब

१९२० च्या ऑलिंपिकमध्ये मुलींसाठी धावण्याची एकही शर्यत नव्हती. महिलांची ऑलिंपिक मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडले. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१५ साली मुंबई मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटे ४५ सेकंद, चौगुले यांच्यापेक्षा १५ सेकंद कमी. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. दोघेही साध्या घरांतून, आपल्याच मुलखातून आलेले. मधल्या ९५ वर्षांत प्रशिक्षण, बूट, आहार आणि मुलींना मिळालेली संधी यांनी केवढा फरक पडला, हे या १५ सेकंदांत दिसते.

पालक आणि विश्वस्तांना विनंती

पूर्ण मॅरेथॉनसाठी आज साधारणपणे १८ वर्षांची अट असते, ती योग्यच आहे. शाळकरी मुलांनी तीन ते पाच किलोमीटरपासून सुरुवात करावी आणि सराव आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवावा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत. दोन-अडीच तास आधी हलका नाश्ता द्यावा. पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचे, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. ऑलिंपिकसाठी निवडलेल्या दातारांनाही शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. थांबण्यात कमीपणा नाही.

घरी आल्यावर "कितवा नंबर?" याआधी "शेवटचा किलोमीटर कसा गेला?" असे विचारून पाहा. मुलाचे उत्तर लांबलचक येईल.

विश्वस्त मंडळींकडे आमचे मागणे थोडे आहे : मोजून आखलेला एक मार्ग, दोन स्टॉपवॉच, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींच्या सरावासाठी ठरलेली वेळ. चौगुले यांच्या पिढीला अंगात ताकद असून मार्गदर्शन उशिरा मिळाले. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे होऊ नये.

स्वाध्याय

१. लोसमान यांची वेळ २ तास ३२ मिनिटे ४८.६ सेकंद होती. त्यांना दर किलोमीटरला सरासरी किती वेळ लागला?

२. चौगुले यांनी आजचे ४२.१९५ किलोमीटर त्याच सरासरी वेगाने धावले असते, तर त्यांची वेळ किती झाली असती?

३. वॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा घराजवळच्या सुरक्षित जागी मोठ्या माणसांसोबत एक किलोमीटर मोजा. तो एकदा सुरुवातीला जोरात आणि दुसऱ्या दिवशी समान वेगाने धावा. दर २०० मीटरची वेळ वहीत लिहा आणि दोन्ही दिवसांची तुलना करा. वह्या क्रीडाशिक्षकांकडे द्याव्यात. निवडक नोंदी पुढील अंकात छापू.