महाबळेश्वरला बर्फ पडतो का?

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी सातारा जिल्ह्यातून बातमी येते, की महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण दिसले. लगेच कोणीतरी म्हणतो, "महाबळेश्वरला बर्फ पडला!" परंतु बर्फ पडणे आणि बर्फ जमणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पडणारा बर्फ ढगातून येतो. तो न वितळता खाली पोचायचा, तर जमिनीजवळची हवाही शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा शून्य तापमानाची पातळी साधारणपणे ४ किलोमीटरहून अधिक उंचीवर असते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर. तेव्हा ढगातून निघालेला हिमकण वाटेतच वितळून त्याचा पाऊस होणार.

मग गवतावर आणि मोटारींच्या टपांवर पांढरा थर कोठून येतो? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडते. ढग असले, तर ते पांघरुणासारखे काम करतात व बरीच उष्णता परत जमिनीकडे येते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर गवताची पाती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यांचे तापमान शून्याखाली गेले, की त्यांवरील दव गोठते किंवा हवेतील बाष्पाचा थेट बर्फ बनतो. थंड हवा जड असल्याने उतारावरून घसरून खोलगट जागी साचते. म्हणून हिमकण तलावाकाठी आणि लिंगमळा भागात दिसतात. बाष्प पुरवायला तेथे तलाव आहेच!

हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. त्यामुळे तो शून्याच्या वरचे तापमान दाखवीत असतानाही गवतावर बर्फ असू शकतो.

हा फरक शेतकऱ्याला फार महत्त्वाचा आहे. पेशींतील पाणी गोठले, की स्ट्रॉबेरीची फुले काळी पडतात. सांगली सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेतले तर सांगलीची हवा महाबळेश्वरपेक्षा साधारण पाच अंशांनी उबदार असावी. तरीही कडाक्याच्या थंडीत तासगाव, मिरज भागातील द्राक्षमण्यांची वाढ मंदावते. अशा वेळी बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, बागेला पाणी देतात. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते व रात्री ती हळूहळू सोडते.

तेव्हा अंदाज बांधायचा तो असा: संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा शांत, हवा कोरडी व गार असेल, तर हिमकणांची शक्यता अधिक. ढग आले, तर ती कमी.

करून पाहा: दोन सारखे तापमापक घ्या. एक गवतावर आडवा ठेवा, दुसरा सव्वा मीटर उंचीवर छपराच्या आडोशाला टांगा. आठवडाभर सूर्योदयापूर्वी दोन्हींवरील तापमान नोंदवा. शेजारी आकाश आणि वारा यांचीही नोंद करा. कोणत्या रात्री फरक सर्वांत जास्त पडला?