उचल एकाची, फेड दुसऱ्याची

ज्याने कर्ज उचलले त्यानेच ते फेडावे, हा बँकेचा नियम आम्ही रोज पाहतो. हवामानाच्या खात्यात मात्र तो उलटा चालतो. डहाणूच्या ५०० मेगावॅट औष्णिक केंद्राची वीज मुंबईला जाते. राख इथे तयार होते. असाच जगभरचा धूर साचून हवा तापते, पाऊस अवेळी येतो आणि उधव्याच्या वारली शेतकऱ्याचे कापलेले भात शेतातच भिजते.

१९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. १९९६ साली नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ते मान्य केले. किनारा तोच, निर्णय बदलला. म्हणजे पर्यावरण हा राजकारणाचाही प्रश्न आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते, की मताची समानता मिळाली तरी सामाजिक व आर्थिक विषमता टिकली, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

विद्यार्थी मित्रांनो, आपला भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यावा लागतो. मतदान पाच वर्षांनी येते, ग्रामसभा दरवर्षी भरते. तेथे जा, कागद वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. मगच हात वर करा.