मनातील घर

आमच्या मानसोपचार विभागात रुग्ण अनेकदा सांगतात, “एक मन म्हणते दारू सोडावी, दुसरे मन सोडू देत नाही.” ही लबाडी नव्हे, हे आप्तांनी प्रथम जाणावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० च्या दशकात खाण्याच्या विकाराने ग्रस्त रुग्णांकडून असेच बोल ऐकले आणि त्यांतून ‘अंतर्गत कुटुंब पद्धती’ हा उपचार विकसित केला. या पद्धतीनुसार मन हे नांदत्या घरासारखे आहे. त्यातील काही अंश जुने भय व लज्जा वाहतात. काही अंश ते दुःख वर येऊ नये म्हणून सतत दक्ष राहतात. आणि तरीही ते उफाळले, तर उरलेले अंश आग विझविण्यास धावतात. दारू हे अशाच एका अंशाचे साधन असू शकते.

समजा, बालपणी मार खाल्लेला एखादा गृहस्थ रोज रात्री पितो. उपचारक त्या अंशाला दोष न देता विचारतो, “तू थांबलास, तर काय होईल अशी तुला भीती वाटते?” उत्तरातून आत कोंडलेले भेदरलेले मूल दिसू लागते. त्याला रुग्णाच्याच शांत, करुणामय ‘स्व’चा आधार मिळाला, की राखणदारांचा भार हलका होऊ शकतो.

या पद्धतीविषयीचे संशोधन अद्याप मर्यादित आहे. ती औषधांना पर्याय नाही. नित्य पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. आप्तांनी धिक्काराऐवजी आस्थेने विचारपूस करावी, ही आमची नम्र विनंती.