फडातील थंडी आणि तीन वर्षांचे मूल

गेल्या वर्षी बालविकासाचा तास चालू असताना मी वर्गात डेन्मार्कमधील एका बालशाळेचे छायाचित्र दाखविले. तीन-चार वर्षांची दहा-बारा मुले बर्फात लाकडी ओंडक्यांवर बसून डबा खात आहेत, नाकांचे शेंडे लाल झाले आहेत आणि सर्वांच्या चेहऱ्यावर मोठा आनंद आहे, असे ते चित्र होते. मुलींच्या तोंडून "अगं बाई!" असे उद्गार निघाले. ते साहजिकच होते. आपल्या बेळगावात डिसेंबर लागला की नर्सरीतील मुले स्वेटर, कानटोपी आणि मोजे यांत इतकी गुंडाळली जातात की त्यांना हातसुद्धा नीट हलविता येत नाहीत. वर्गाच्या खिडक्या बंद असतात आणि मधल्या सुट्टीत मैदानावर सोडले तर दुसऱ्या दिवशी आईची चिठ्ठी येते. मी त्या परदेशी शाळांचे कौतुक करीत होते, तोच मागच्या बाकावरची निपाणीकडची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "मॅडम, दिवसभर भाईर असनारी असली बारकी पोरं आमच्या गावातबी हाईत की. उसाच्या फडात."

वर्ग हसला. मी मात्र निरुत्तर झाले. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. थंडी, उघडे आभाळ, सात-आठ तासांचा दिवस आणि तीन वर्षांचे मूल, ही चारही अंगे दोन्हीकडे सारखीच आहेत. मग एकीकडे जो शिक्षणाचा प्रयोग ठरतो, तोच दुसरीकडे मुलाची हेळसांड का ठरावा? या प्रश्नाचा मी माझ्या परीने जो अभ्यास केला तो येथे मांडीत आहे.

प्रथम परदेशातील प्रयोगाविषयी थोडेसे. मुलांना उघड्यावर वाढविण्याची कल्पना श्रीमंतांच्या हौसेतून निघाली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचे एक मूळ गरिबीतच आहे. लंडनच्या डेप्टफर्ड या दरिद्री वस्तीत रेचेल आणि मार्गारेट मॅक्‌मिलन या भगिनींनी १९१४ साली उघड्या हवेतील बालशाळा काढली. त्या वस्तीतील मुले अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत वाढत असत. मुडदूस आणि छातीचे विकार घरोघर होते. मॅक्‌मिलन भगिनींनी बागेत छपऱ्या उभारल्या, त्यांची एक बाजू मोकळी ठेवली आणि मुले हिवाळ्यातही तेथेच खेळू लागली, जेवू लागली, दुपारी झोपू लागली. मात्र मूल सकाळी आले की आधी त्याला अंघोळ, मग स्वच्छ कपडे, मग पोटभर खाणे, हा क्रम ठरलेला होता. मोकळी हवा ही त्यानंतरची गोष्ट. पुढे १९१८ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडातील स्थानिक संस्थांना बालशाळांवर खर्च करण्याची मुभा मिळाली. डेन्मार्कमध्ये १९५० नंतरच्या दशकात एला फ्लाटाउ यांनी मुलांना रोज रानात नेण्यास आरंभ केला, आणि जर्मनीत १९९३ साली फ्लेन्सबुर्ग येथील रानातल्या बालशाळेला सरकारी मान्यता मिळाल्यावर तेथे अशा शाळा झपाट्याने वाढल्या. डेन्मार्कमध्ये तर तान्ही मुलेही दुपारी बाबागाडीत, घराबाहेर, थंडीत झोपविण्याची रीत आहे.

आता थंडी मुलाला नेमके काय करते ते पाहू. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे आपण रोज पाहतो. लहान मुलाचे तसेच आहे. त्याचे वजन थोडे, पण वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा. त्यामुळे त्याच्या अंगातील उष्णता मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते. कपडा ओला असेल तर ती फारच वेगाने जाते. उष्णता तयार होते अन्नातून आणि हालचालीतून. म्हणजे पोटात अन्न, अंगावर कोरडा व पुरेसा कपडा, आणि हुंदडायला वाव, एवढे असले तर निरोगी मूल बऱ्याच थंडीत मजेत राहते. सर्दी-खोकला मुळात जंतूंमुळे होतो, आणि दारे-खिडक्या लावलेल्या गर्दीच्या खोलीत तो एकमेकांना सहज लागतो. तेव्हा मैदानावर सोडले म्हणून चिठ्ठी पाठविणाऱ्या आईने बंद वर्गाबद्दलही एक चिठ्ठी पाठवावयास हरकत नाही.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठा माणूस गारठला की तसे सांगतो, शेकोटीजवळ सरकतो. तीन वर्षांचे मूल फार गारठले की पुष्कळदा गप्प बसते. खेळ थांबतो, अंग आखडते, झोप येऊ लागते. हे ओळखायला कुणाचा तरी डोळा सतत त्याच्यावर असावा लागतो. डेन्मार्कच्या त्या छायाचित्रात एका कडेला दोन प्रौढ व्यक्ती उभ्या आहेत. वर्गात दाखविताना माझे त्यांच्याकडे लक्षही गेले नव्हते.

जानेवारीत त्या विद्यार्थिनीबरोबर मी निपाणीजवळच्या एका फडावर गेले. आपल्या भागातील थंडी ही काही बर्फाची थंडी नव्हे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही बराच खाली उतरतो आणि दुपारी २८-२९ पर्यंत चढतो. त्यामुळे आपण या थंडीला फारसे मोजत नाही. परंतु टोळीचा दिवस पहाटे चार-पाचला सुरू होतो आणि त्या वेळी उसाच्या पात्यांवर दहिवर साचलेले असते. फडात पाऊल टाकले की गुडघ्यापर्यंत कपडे भिजतात. मूल तर गुडघ्याएवढेच असते!

ती टोळी बीड जिल्ह्यातून आली होती. दहा कोयत्यांची टोळी, म्हणजे नवरा-बायकोच्या दहा जोड्या. (एका जोडीला एक कोयता म्हणतात, बाईचा म्हणून जो हिशोब होतो तो अर्ध्या कोयत्याचा.) दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे, असे हे पाच-सहा महिने. आम्ही सातला पोचलो तेव्हा निम्मा वाफा तुटला होता. पुरुष तोडीत होते, बाया पाला सोलून मोळ्या बांधीत होत्या. बांधाच्या कडेला पाचटाच्या ढिगावर वाकळ टाकली होती आणि तीवर मुले होती. मी मोजली ती सात, सर्व सहा वर्षांच्या आतली. सर्वांत धाकटे लुगड्याच्या झोळीत होते. दोघांच्या अंगात मोठ्या माणसाचे जुने स्वेटर होते, बाह्या जमिनीवर लोळत होत्या आणि दहिवराने ओल्या झाल्या होत्या. एकाच्या अंगात नुसते झबले. शेजारी पाचट पेटविले होते. त्याची ऊब मिळे, पण धूरही मुलांच्याच तोंडावर जाई. चुलीच्या धुराने लहान मुलांत फुप्फुसदाहाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा धूर काही त्याहून निराळा नव्हे. खाणे म्हणजे पहाटेच भाजून आणलेली भाकरी आणि चटणी. ती आया न्याहारीला थांबतील तेव्हा मिळायची होती.

या सात मुलांची जी 'बाई' होती तिचे वय असेल आठ-नऊ. एक भाऊ कडेवर, दुसऱ्याचे बोट धरलेले, आणि झोळीला मधूनमधून झोका. कितवीत आहेस, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "तिसरीत. गावाकडं." म्हणजे गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव आहे, आणि ती येथे बालवाडी चालवीत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क दिला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आली. पण वसतिगृहात तीन वर्षांचे मूल राहू शकत नाही. ते आईबरोबर येते, आणि त्याला सांभाळायला त्याची बहीण येते. सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी घटनेच्या ४५ व्या कलमात, २००२ च्या दुरुस्तीनंतर, राज्याने प्रयत्न करावा एवढेच म्हटले आहे. धाकट्याला जे मिळत नाही, त्यामुळे थोरलीचे मिळालेलेही जाते.

ही गाठ आपल्याच एका शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने फार पूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. १९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे हिंडत. त्यांच्यासाठी ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. मुले जेथे गुरे चारतात तेथेच शिक्षक जाऊ लागले. आणि विकासवाडीत तर त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, जेणेकरून धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या बहिणीची कड मोकळी व्हावी. कुरणशाळाही उघड्यावरचीच. तिच्यात आणि डेन्मार्कच्या शाळेत मला फार अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी मुलांपाशी असे एक मोठे माणूस आहे की ज्याला त्या वेळी दुसरे कोणतेच काम नाही.

कायद्याने ही गरज कधी ओळखलीच नाही असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. निपाणीत घरोघर परिचित असलेल्या विडीधंद्यासाठी १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यातही ती आली. पण ऊस कारखान्यासाठी तोडला जात असला तरी फड हा कारखाना नव्हे, आणि मजूर मुकादमाचा! २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक फार शहाणपणाचे कलम होते. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर मजूर स्त्रियांपैकीच एकीने ती सांभाळावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी मिळावी. कर्नाटक सरकारने २०२३ साली त्याच योजनेला जोडून ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' सुरू केली. कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावयास नको, पण आमच्या मराठी वाचकांसाठी सांगते, 'कूसु' म्हणजे तान्हे मूल आणि 'मने' म्हणजे घर. १९७५ पासूनच्या अंगणवाड्या तर गावोगाव आहेतच, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला तेथे आहाराचा हक्कही दिला. अडचण एवढीच की गावातील अंगणवाडी उघडते तेव्हा टोळीचे चार-पाच तास काम झालेले असते, फड गावापासून दूर असतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत टोळी दुसऱ्या शिवारात जाते. शिवाय बीडच्या मुलाला सीमेवरच्या कन्नड अंगणवाडीतील गाणी समजायची कशी, हाही प्रश्न आहे. तो मात्र मला तितका बिकट वाटत नाही. तीन वर्षांची मुले भाषेच्या वादात पडत नाहीत.

न्याहारीच्या वेळी मी त्या बायांना विचारले, तुमच्यातली एक मुलांपाशी थांबली तर? एकजण लगेच म्हणाली, "आमची आत्या थांबंल की, तिला आता मोळी उचलत न्हाई. पन तिचा अर्धा कोयता कोन भरनार?"

घरी येऊन मी तो हिशोब मांडला. जानेवारी २०२४ च्या करारानुसार महाराष्ट्रात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. तोच धरू. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते असे समजू, म्हणजे ७३२ रुपये. अर्ध्या कोयत्याचे ३६६. दहा कोयत्यांची टोळी दिवसाला २० टन ऊस तोडील. ३६६ रुपये २० टनांवर वाटले तर टनामागे १८ रुपये ३० पैसे पडतात. २०२३-२४ च्या हंगामात उसाचा केंद्र सरकारने ठरविलेला किमान दर टनाला ३१५० रुपये होता. म्हणजे शेकडा साठ पैशांहूनही कमी. यात सकाळचे दूध आणि दोन-दोन कोरडे कपडे मिळविले तरी आकडा फार फुगत नाही. जोडीचे काम कमी-जास्त होते, दर राज्याराज्यांत निराळे असतात, हे मान्य. परंतु कोणत्याही बाजूने मांडला तरी हिशोब रुपयाच्या आतच राहतो.

फेब्रुवारीत तो कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. फड तुटून गेला होता, राहिलेले पाचट जाळलेले होते, खोडव्याला पाणी चालू होते. शेताचे मालक बांधावर भेटले. भला माणूस. त्यांनी आम्हाला बसायला पोते दिले, कागद नीट वाचला आणि म्हणाले, "आकडा बरोबर हाय. ह्याच्यापेक्षा जास्त तर आमी टोळीला खुशाली देतो." मग कागद परत देत त्यांनी विचारले, "पर बाई, ह्ये पैसं द्यायचं कुनी? आमी, का कारखान्यानं, का मुकादमानं?" टोळी कुठे गेली ते त्यांना ठाऊक नव्हते. चिकोडीच्या अंगाला गेली असेल, म्हणाले.