कॅमेऱ्यातले चित्र गेले कुठे?

समजा, शाळेचे विज्ञान-प्रदर्शन दोन दिवसांवर आले आहे. तुम्ही ‘स्क्रॅच’मध्ये एक खेळ रचला आहे. संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर हात हलवला, की पडद्यावरचा फुगा फुटतो. पण ऐन वेळी कॅमेऱ्यातले चित्र दिसेनासे होते, किंवा पांढुरके दिसू लागते. अशा वेळी घाबरून सगळे ठोकळे बदलू नका. दोष शोधण्याचीही एक शास्त्रीय रीत असते.

‘स्क्रॅच’ म्हणजे ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याचे साधन. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत तयार झालेले हे साधन २००७ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या रंगमंचावर चित्रांचे थर असतात. सर्वांत मागे पार्श्वभूमी, तिच्यापुढे कॅमेऱ्याचा व्हिडिओ आणि त्याच्याही पुढे पात्रे, म्हणजे ‘स्प्राइट’.

व्हिडिओचा थर ही एक काच आहे असे समजा. ती किती आरपार दिसावी, हे ‘सेट व्हिडिओ ट्रान्सपरन्सी टू’ या ठोकळ्यातील आकडा ठरवतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. हा आकडा ठळकपणाचा नसून पारदर्शकतेचा आहे. ० म्हणजे व्हिडिओ पूर्ण ठळक आणि १०० म्हणजे अदृश्य!

मग चित्र पांढुरके का होते? संगणक प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. व्हिडिओतील एका ठिपक्याची तेजस्विता १००, मागची पार्श्वभूमी पांढरी म्हणजे २५५ आणि पारदर्शकता ४० आहे असे धरू. व्हिडिओचा वाटा ६० टक्के, म्हणजे ६०. पार्श्वभूमीचा वाटा ४० टक्के, म्हणजे १०२. बेरीज १६२. ठिपका उजळला, म्हणून चित्र फिके पडले. यात कॅमेऱ्याचा काहीच दोष नाही.

आता क्रमाने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१) पारदर्शकता ० करा. चित्र आले, तर दोष आकड्यात होता. आकडा बदलणारा दुसरा ठोकळा कोठे राहिला आहे का, तेही पाहा.

२) चित्र आले नाही, तर सर्व पात्रे लपवा. पार्श्वभूमीचे मोठे चित्र चुकून पात्र म्हणून घेतले असेल, तर ते व्हिडिओला झाकून टाकते.

३) तरीही चित्र नाही? व्हिडिओतील हालचाल मोजणाऱ्या ठोकळ्यावर टिचकी मारा. हात हलवत असताना त्याचा आकडा वाढला, तर कॅमेरा चालू आहे. वाढला नाही, तर कॅमेऱ्याची परवानगी नाकारली गेली आहे का, किंवा दुसरा कार्यक्रम तो वापरत आहे का, ते पाहा.

या तिसऱ्या तपासणीतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. पारदर्शकता १०० असली, तरी कॅमेरा पाहतच असतो आणि हालचाल मोजली जातेच. चित्र दिसत नाही, म्हणजे कॅमेरा बंद आहे, असे मुळीच नाही! म्हणून खेळ संपला, की ‘टर्न व्हिडिओ ऑफ’ हा ठोकळा आठवणीने वापरा. प्रदर्शनात आपल्यासमोर इतर माणसेही उभी असतात, हे विसरू नका.

आता एक प्रश्न. वरच्या उदाहरणात पार्श्वभूमी काळी, म्हणजे ० केली, तर उत्तर काय येईल? आधी वहीत गणित करा आणि मग पडद्यावर पडताळून पाहा.